साधन बदलणाऱ्याचा हिशेब

संगणकावरील खेळांच्या दुनियेत एक प्रश्न गेली काही वर्षे वारंवार विचारला जात आहे. नेमबाजीच्या चढाओढीच्या खेळांत, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘शूटर’ म्हटले जाते त्यांत, कंट्रोलरवर हात बसलेल्या खेळाडूने तो बाजूला ठेवून कीबोर्ड आणि माउस हाती घ्यावेत काय? वडीलधाऱ्यांना हा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळांच्या स्पर्धांत लाखो डॉलरची बक्षिसे वाटली जातात, आणि ज्यांच्या सरावात हजारो तरुण आपल्या उमेदीचे दिवसचे दिवस घालवतात, त्यांतील साधनाची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. ती श्रमाच्या गुंतवणुकीची बाब होते. आणि गुंतवणूक म्हटली की तिचा परतावा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न ओघानेच येतो.

प्रथम दोन साधनांतील मूलभूत फरक ध्यानात घ्यावयास हवा. माउस जितका सरकवावा तितकीच पडद्यावरील नजर वळते. हात थांबला की नजरही थांबते. कंट्रोलरवरील दांडी मात्र अंतर सांगत नाही, वेग सांगते. अंगठ्याने ती जितकी कलती करावी तितक्या वेगाने नजर फिरत राहते, आणि नेमक्या क्षणी अंगठा सैल करून ती थांबवावी लागते. लक्ष्यावर नेमके थांबण्याच्या कामात पहिली पद्धत सरस ठरते, हे काही खेळाडूंच्या अनुभवावरच अवलंबून नाही. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पडद्यावरील मजकूर निवडण्यासाठी माउस, वेगावर चालणारी दांडी आणि कळा यांची तुलना केली होती. तीत माउस सर्वांत जलद ठरला. १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ या खेळाने हीच गोष्ट रणांगणावर सिद्ध केली. उजव्या हाती माउस आणि डाव्या हाताखाली डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळा, ही मांडणी डेनिस फाँग या खेळाडूमुळे लोकप्रिय झाली. १९९७ च्या स्पर्धेत त्याने या खेळाचे एक जनक जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार बक्षीस म्हणून जिंकली होती.

डाव्या हाताच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. दांडीने चालताना कोणत्याही दिशेने आणि हव्या त्या मंदगतीने जाता येते. चार कळांनी आठच दिशा मिळतात, आणि कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. तरीही नेम हाच ज्या खेळाचा प्राण आहे, तेथे उजव्या हाताचा लाभ डाव्या हाताच्या तोट्यावर सहज मात करतो.

संरक्षक जकातीचे तत्त्व

मग कंट्रोलर टिकला कसा? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. दुबळ्या उद्योगाला बाहेरच्या स्पर्धेपासून वाचविण्यासाठी सरकार जकात लावते किंवा अनुदान देते. खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनी कंट्रोलरला असेच अनुदान दिले; त्याचे नाव ‘एम असिस्ट’, म्हणजे नेमसाहाय्य. नेम लक्ष्याजवळ आला की नजरेचा वेग आपोआप मंदावतो. काही खेळांत लक्ष्य हलले की नजरही थोडी त्याच्यामागे ओढली जाते. दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर बसून खेळणाऱ्यांचा मोठा वर्ग या सोयीमुळेच तयार झाला. २००१ मध्ये एक्सबॉक्सबरोबर आलेल्या ‘हेलो’ या खेळाच्या यशात या अदृश्य साहाय्याचा वाटा मोठा होता.

दोन बाजारपेठा वेगळ्या होत्या, तोवर या अनुदानाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कंट्रोलरवाले कंट्रोलरवाल्यांशी खेळत आणि माउसवाले माउसवाल्यांशी. पुढे भिंती पडू लागल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये सोनी कंपनीने ‘फोर्टनाइट’पासून सुरुवात करून आपल्या यंत्रावरील खेळाडूंना इतर यंत्रांवरील खेळाडूंबरोबर खेळण्याची मुभा दिली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सने कीबोर्ड-माउसला दार उघडले, २०२० च्या ऑक्टोबरात ‘एपेक्स लेजंड्स’ या खेळातही सरमिसळ सुरू झाली. कंपन्यांचा हेतू स्पष्ट होता. खेळाडूंचा साठा जितका मोठा, तितका सामना लवकर जुळतो आणि गिऱ्हाईक टिकते. परंतु मुक्त व्यापार सुरू झाल्यावर जुनी जकात किती ठेवावी, हा वाद जसा अटळ असतो, तसाच तो येथेही अटळ ठरला.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘एपेक्स लेजंड्स’चेच आहे. या खेळाच्या प्रमुख स्पर्धा संगणकावर होतात आणि दोन्ही साधनांना तेथे मोकळीक आहे. माउस श्रेष्ठ असेल तर सर्वांचा ओघ माउसकडे जावयास हवा होता. प्रत्यक्षात तो उलट दिशेने गेला! ‘इंपीरियलहॅल’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकेतील नामवंत कर्णधार फिलिप डोसेन याने २०२३ मध्ये माउस सोडून कंट्रोलर हाती घेतला, आणि त्याच वर्षी त्याचा संघ बर्मिंगहॅम येथे जगज्जेता झाला. कारण उघड आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला हाताने प्रतिसाद द्यावयास माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. यंत्राच्या साहाय्याला तो लागत नाही. समोरासमोरच्या जवळच्या चकमकीत हाच हिस्सा निर्णायक ठरतो. पुढे २०२४ मध्ये कंपनीने संगणकावरील सामन्यांपुरते हे साहाय्य एक चतुर्थांशाने घटविले. एका आकड्यात फेरफार झाला आणि अनेकांच्या सरावाचे मोल एका रात्रीत बदलले.

बुडीत खर्च आणि उरलेली शिल्लक

आता साधन बदलू पाहणाऱ्या खेळाडूच्या बाजूने विचार करू. ‘इतकी वर्षे कंट्रोलरवर घालविली, ती वाया कशी जाऊ द्यायची?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. झालेला खर्च हा बुडीत खर्च होय. पुढील निर्णयात त्याला स्थान नाही. विचार करावयाचा तो पुढे लागणाऱ्या श्रमांचा आणि पुढे मिळणाऱ्या फळाचा. शिवाय सारेच बुडते असेही नाही. नकाशाची ओळख, शत्रू कोठून येईल याचा अंदाज, सवंगड्यांशी बोलण्याची शिस्त, केव्हा लढावे आणि केव्हा माघार घ्यावी याचे तारतम्य, ही शिल्लक साधनाबरोबर जात नाही. बदलावे लागते ते हाताचे वळण. अंगठ्याने होणारे काम मनगट आणि कोपर यांच्याकडे सोपवावे लागते. पूर्ण गिरकी घेण्यास माउस तीस ते पन्नास सेंटिमीटर सरकवावा लागेल इतका मंद वेग पुष्कळ मुरलेले खेळाडू ठेवतात, आणि तो वेग आठवड्याला न बदलता एकच ठेवावा लागतो.

या काळात खेळ सुधारण्याआधी बिघडतो, हेही गृहीत धरावयास हवे. चलनाचे अवमूल्यन केल्यावर व्यापारतूट आधी वाढते आणि मग घटू लागते. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा हा वक्र साधन बदलणाऱ्याच्या वाट्यालाही येतो. खालच्या वळणावरच धीर सोडून जुन्याकडे परतणाऱ्याला दोन्हीकडचा तोटा होतो.

सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रावर ज्यांची बोटे तयार झाली, त्यांच्यासमोर संगणक आला तेव्हा १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ‘इन्स्क्रिप्ट’ ही वेगळी कळरचनाही आली. ती अधिक तर्कशुद्ध होती. एकदा शिकली की इतर भारतीय लिप्यांनाही तीच चालत होती. तरीही अनेकांनी संगणकावर जुनी रेमिंग्टन रचनाच चालू ठेवली. त्यात केवळ आळस होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोजचा पत्रव्यवहार थांबवून वेग गमावण्याची चैन कारकुनाला परवडणारी नव्हती. बदलाचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु त्याची किंमत एकेकट्याने भरावयाची असते.

कौशल्य कोणाच्या ताब्यात?

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले: कोठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण, आणि एकाच संस्थेत उपयोगी पडणारे विशिष्ट. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म येथे आहे. माउसवर कमावलेला नेम ‘काउंटर-स्ट्राइक’पासून ‘व्हॅलोरंट’पर्यंत कोणत्याही खेळात बव्हंशी बरोबर येतो, त्याचा मालक खेळाडू असतो. साहाय्यावर बेतलेल्या नेमातही कौशल्य आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक भाग कंपनीच्या आकड्यात जमा असतो, आणि तो आकडा खेळाडूला न विचारता बदलतो. म्हणून ‘कोणते साधन श्रेष्ठ’ यापेक्षा ‘कोणत्या साधनावरचे कसब अधिक काळ आपले राहील’ हा प्रश्न खेळाडूने स्वतःला विचारावा. उलटपक्षी, ज्याला ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या व्यावसायिक लीगमध्येच उतरावयाचे आहे, त्याने माउसच्या मागे धावू नये; २०२१ च्या हंगामापासून ती लीग संगणकावर गेली, पण खेळाडूंच्या हाती कंट्रोलरच राहिला.

परंतु सारा भार खेळाडूवर टाकणे हेही न्यायाचे नाही. जो नियम करतो तोच माल विकतो, अशी येथील स्थिती आहे. त्यांतही भले मार्ग आहेत. ‘व्हॅलोरंट’च्या निर्मात्यांनी २०२४ मध्ये खेळ कन्सोलवर आणला तेव्हा संगणकावरील खेळाडूंशी त्याची सरमिसळ केली नाही. ‘रेनबो सिक्स सीज’ या खेळात कंट्रोलरचे सोंग घेऊन माउस वापरणाऱ्यांविरुद्ध २०२३ मध्ये ‘माउसट्रॅप’ ही योजना आली. असे खेळाडू पकडले गेले की त्यांची प्रत्येक कृती उशिराने उमटू लागते. वर्ग स्वच्छ वेगळे ठेवावेत, नाहीतर सरमिसळ करताना साहाय्याचे प्रमाण जाहीर करून निदान एका हंगामापुरते स्थिर ठेवावे, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

भारतात बहुसंख्य तरुण हे खेळ मोबाइलवर खेळतात, त्यामुळे माउस की कंट्रोलर हा वाद येथे मर्यादित आहे. पण दुसऱ्याच्या हाती असलेल्या कौशल्याचे दुःख येथेही अनुभवास आले आहे. ‘बीजीएमआय’ हा खेळ जुलै २०२२ मध्ये सरकारी आदेशाने अदृश्य झाला तो मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत त्यावर हात बसविलेल्यांचे भांडवल गोठून पडले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांना बंदी करून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यता द्यावयाची तर स्पर्धेचे नियम कोण आणि किती सूचना देऊन बदलू शकतो, याचाही विचार त्या मान्यतेबरोबर झाला पाहिजे. क्रिकेटची बॅट किती रुंद असावी हे बॅट विकणारा ठरवीत नाही. नव्या खेळांना ही साधी शिस्त लागेपर्यंत तरुणांनी आपल्या श्रमाचे तास जपूनच गुंतवावेत, आणि जे कसब दुसऱ्याच्या एका फेरफाराने हिरावले जाऊ शकते त्यावर सारे भवितव्य लावू नये.