ओटीवरच्या गप्पांना दप्तरात जागा हवी

खाण्यापिण्याविषयीचे संभाषण हे रिकामपणाचे लक्षण होय. गंभीर माणसाने राज्यकारभार, शिक्षण, शेतमालाचे भाव अशा विषयांवर बोलावे आणि उन्हाळ्यात पन्हे बरे की कोकम, यंदा काकडीचे धोंडस कसे उतरले, कुड्याच्या फुलांची भाजी कोणी चाखली आहे काय, असल्या गोष्टी माजघराच्या उंबरठ्याआड राहू द्याव्यात, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजात दीर्घकाळ रूढ आहे. मला ती सर्वस्वी चुकीची वाटते, इतकेच नव्हे तर कोकणाच्या दृष्टीने घातकही वाटते.

उदाहरणादाखल मालगुंड घ्या. या गावाला महाराष्ट्र केशवसुतांचे गाव म्हणून ओळखतो. १८६६ साली येथे जन्मलेल्या या कवीचे स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली उभे केले, आणि जवळच्या गणपतीपुळ्यास देवदर्शनाला आलेला वाचनप्रिय यात्रेकरू वाट थोडी वाकडी करून ते पाहून जातो. कवितेची ही जपणूक उचितच आहे. परंतु मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी घरी आले, दुपारची जेवणे उरकली, आणि ओटीवर थोरामोठ्यांची व लेकीसुनांची बैठक जमली, की तिथे जे बोलणे सहजगत्या सुरू होते, त्यात साठवलेल्या ज्ञानाच्या जपणुकीची तजवीज आपण कितीशी केली आहे?

या बैठकीत विषय निघतो तो बहुधा पेयाचा. कोणाला कैरीचे पन्हे प्रिय असते, कोणाला सोलकढी, कोणाला आमसुलाचे ऊन ऊन सार. आणि मग वादाच्या ओघात एखादी वृद्धा सांगू लागते की पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून त्यांच्या साली उन्हात घालायच्या, निघालेल्या रसात मीठ घालून त्यातच त्या पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आणि साल काळसर होऊन आंबटपणा तिच्यात पुरता मुरेपर्यंत हा क्रम सोडायचा नाही. आगळ वेगळे काढायचे, काही सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताची बेगमी होते, आणि टाकाऊ वाटणाऱ्या बियांपासून निघणारे तेल थिजवून ठेवले की थंडीत भेगाळलेल्या टाचांना ते उपयोगी पडते. रोपे लावताना सावध राहावे, कारण कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून उगवलेल्या रोपांपैकी निम्मी फळ धरीत नाहीत, हे कृषि विद्यापीठाच्या पत्रकात वाचण्यापूर्वी कितीतरी बागायतदारांनी असल्याच बैठकीत ऐकलेले असते. रातांबा पिकण्याची वेळ आणि वळवाची वेळ एकच असल्यामुळे आठ दिवसांच्या ढिलाईने वर्षाचा माल हातचा जातो, ही सूचनाही तिथेच मिळते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही अभिमानाची बाब आहे; पण मानांकनाच्या कागदामागे जे कौशल्य उभे आहे ते या बायकांच्या बोलण्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलेले आहे.

काजूच्या बोंडूची कथा याच्या उलट आहे. बीच्या कित्येक पट वजनाचे हे रसाळ फळ दिवसभरात नासू लागते, घशाला खवखवते, म्हणून आपल्या बागांतून ते झाडाखाली ढिगांनी कुजते. शेजारच्या गोव्याने मात्र त्याच्यापासून हुर्राक आणि फेणी काढून २००९ साली फेणीला मानांकनही मिळवले. मद्याचा पुरस्कार मी करीत नाही. मीठ घालून खवखव कमी केलेला बोंडूचा ताजा रस एप्रिलच्या उन्हात किती निववतो, हे ज्या घरांत ठाऊक आहे तिथेसुद्धा पाहुण्यासमोर तो ठेवण्याचा संकोच वाटतो आणि बाजारची बाटली फोडली जाते, याचे मला दुःख आहे.

आता भाजण्याच्या कलेकडे वळू. घरी केक करणे ही शहरी आणि पाश्चात्त्य वहिवाट आहे, विजेची भट्टी आल्यावाचून खेड्यातल्या घराला ती साधणे अशक्य, असे मानणाऱ्याने कोकणातले धोंडस होताना एकदा पाहावे. पावसाळ्याअखेरीस वेलावर जून झालेली मोठी तवशी, म्हणजे काकड्या, सोप्यात वाशांना टांगून ठेवण्याचा शिरस्ता आहे. त्यांतले एक उतरवून किसतात, सुटलेले पाणी फेकून न देता बाजूस ठेवतात, तांदळाच्या कण्या तुपावर खमंग परततात, आणि गूळ, ओले खोबरे, वेलची, चिमूटभर मीठ यांच्यासह त्याच काकडीच्या पाण्यात त्या शिजवून घेतात. मग जाड बुडाच्या तूप लावलेल्या पातेल्यात हे मिश्रण थापून खाली मंद निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे ठेवतात. यात अंडे नाही, सोडा नाही, मैदा नाही. कण्यांतले पिष्ट काकडीच्या ओलाव्याने फुगते आणि निवताना आवळून येते, म्हणून वडी सुबक पडते. केवळ खालून आच दिली तर बूड करपते आणि माथा ओला राहतो. झाकणावरील निखाऱ्यांची धग वरून उतरते तेव्हाच दोन्ही अंगांना तांबूस खरपूस कवच येते. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांत भानोळे याच युक्तीने होत असे. खाली किती निखारे आणि वर किती, करवंटीचे की लाकडाचे, झाकण केव्हा उघडावे, हे सारे वास, रंग आणि पातेल्याच्या कडेने सुटणारे तूप यांवरून ठरते. गॅसची शेगडी आल्यावर निखारे गेले, निखाऱ्यांबरोबर वरची आच गेली, आणि आज पुष्कळ घरांत धोंडस नुसते वाफेवर किंवा तव्यावर उरकले जाते. ते गोड लागते. पण ते अर्धेच धोंडस आहे. विजेच्या भट्टीत ते उत्तम होते, हे मी आग्रहाने सांगतो, कारण वरखाली धग देणे हेच तर त्या भट्टीचे काम. नव्या यंत्राशी आपले वैर असण्याचे कारण नाही, फक्त त्यात काय भाजावे याची स्मृती शिल्लक हवी.

चमत्कारिक म्हणून ज्या खाद्यांची गणना होते त्यांच्या बाबतीत तर ही स्मृती जीवनमरणाचा प्रश्न होते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती, हा विवेक गावातल्या जाणत्या माणसाबरोबर रानात जाऊन, त्याला विचारून आणि त्याचे ऐकूनच येतो. सुरणाला किंवा अळवाला चिंच वा आमसूल घातल्यावाचून घशाची खाज टळत नाही. टाकळ्याचा, भारंगीचा, फोडशीचा पाला कोणत्या पावसानंतर कोवळा असतो आणि केव्हा तो निबर होऊन सोडून द्यावा. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, भाजीला कधी तोडावी. बरक्या फणसाच्या रसाची सांदणे करताना कण्या किती घ्याव्यात: हे प्रश्न ज्या घरात कोणी विचारीत नाही, त्या घरातून उत्तरेही एका पिढीत नाहीशी होतात.

कोणी म्हणेल की यासाठी पाकशास्त्राची पुस्तके आहेत. आहेतच, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली, आणि लाखो मराठी संसारांना त्यांनी हात दिला. परंतु पुस्तक साऱ्या प्रांतासाठी लिहिलेले असते. मालगुंडच्या एखाद्या परड्यातले तवसे किती पाणी सोडते, किंवा अमुक पऱ्ह्याकाठची भारंगी कडू का, हे त्यात कसे येणार?

या मोकळ्या बोलण्याची आणखी एक किंमत आपण विसरलो आहोत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशांनी बोलावलेल्या मंडळींसमोर चहा आणि बिस्किटे आली, ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे झळकली, आणि त्या एका पेल्यापायी टिळक व रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातबहिष्काराचा, बडगा उगारला गेला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांचा वाद कित्येक महिने चालला. पुढे १९३३ साली रत्नागिरी शहरात सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र बसता यावे म्हणून उपाहारगृह काढले, तेव्हाही तिथला चहा पिणे हे धाडसच गणले जात होते. कोणी काय प्यावे, कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंगतीस बसावे यावर जिथे इतका कडक मज्जाव होता, तिथे आज निरनिराळ्या आळ्यांतल्या बायका एका पडवीत बसून एकमेकींच्या घरचे पदार्थ चाखतात आणि कृती विचारून घेतात, ही मुभा फार कष्टाने मिळालेली आहे. पूर्वी एका आळीतले पाकज्ञान दुसरीला ठाऊक होण्याचा मार्गच बंद होता. तो आता उघडला असताना त्यावरून ये-जा करणाऱ्यांनाच आपण रिकामटेकडे ठरवावे, हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. गावातल्या वनस्पती, पिके, प्राणी यांबरोबर त्यांच्याविषयीचे पारंपरिक ज्ञानही तीत लिहावयाचे असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या, आणि घाईने भरलेल्या कागदात झाडांची यादी असते, पाकज्ञान नसते. मालगुंडसारख्या गावांनी आपली नोंदवही पुन्हा उघडावी, कचेरीत नव्हे तर ओटीवर बसून. शाळेतल्या मुलामुलींनी आज्यांना विचारावे आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. सांगणारीचे नाव, तिची संमती घेऊन, नोंदीखाली असावे, म्हणजे ते ज्ञान कोणाचे याविषयी पुढे तंटा राहणार नाही. केशवसुतांच्या स्मारकाच्या आवारात वर्षातून एकदा, रातांब्यांच्या दिवसांत, या नोंदींचे जाहीर वाचन व्हावे. आणि ज्या घरांनी यात्रेकरूंसाठी निवास व भोजनाची सोय केली आहे, त्यांनी न्याहारीच्या पानावर धोंडसाची एक वडी आणि कोकमाचा एक पेला ठेवून, पाहुण्याने विचारले असता ते कसे केले हे सविस्तर सांगण्याइतकी सवड काढावी.