तीन-शून्यानंतर

सात सामन्यांची मालिका आणि त्यातले पहिले तिन्ही सामने हातचे गेलेले. अशा वेळी शहाण्या माणसानं टीव्ही बंद करावा आणि जूनचं ऊन अंगावर घ्यावं. एडमंटनमध्ये तसं झालं नाही. १३ जून २०२४ च्या रात्री फ्लोरिडा पँथर्सनी आमच्या रॉजर्स प्लेसमध्ये येऊन एडमंटन ऑइलर्सना ४-३ असं हरवलं आणि हॉकीच्या स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत ३-० अशी आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले, तर गाड्यांच्या खिडक्यांना लावलेले निळे-केशरी झेंडे जागच्या जागी होते. कॉफीच्या दुकानातली मुलगी, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, सगळ्यांच्या अंगात जर्सी होती. आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच साल: १९४२. अंतिम फेरीत तीन-शून्यावरून उठून कप जिंकण्याचा पराक्रम आजवर एकदाच झालाय. त्या वर्षी टोरोंटोनं डेट्रॉइटला तसं हरवलं होतं.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. ही हॉकी बर्फावरची. चेंडूऐवजी पक नावाची चकती, एका वेळी पाच खेळाडू आणि गोलकीपर, आणि खेळ इतका दमछाक करणारा की पाऊण मिनिटात बर्फावरची माणसं बदलतात. एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू होतात. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत ज्याचे आधी चार विजय तो पुढे. कप उचलायचा तर सोळा सामने जिंकावे लागतात आणि त्यात दोन महिने जातात. २४ जूनला योगायोग असा, की सकाळी सेंट लुसियात रोहित शर्मानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा कुटल्या आणि संध्याकाळी आमचा सातवा सामना होता. क्रिकेटवर माझा जीव आहेच. पण क्रिकेटच्या विश्वचषकात आज ऑस्ट्रेलिया, परवा दुसरं कुणी. इथे मात्र त्याच माणसांशी दोन आठवडे गाठ असते. समोरचा गोलकीपर कुठल्या खांद्यावरून चुकतो, कोण कुणाला मुद्दाम डिवचतो, कुणाचा गुडघा दुखतोय, हे सगळं अंगवळणी पडतं. पँथर्सचा सर्गेई बोब्रोव्स्की मला आता नात्यातल्या माणसाइतका ओळखीचा झालाय.

सामने मी शेजारच्या आजोबांकडे बघते. त्यांचे वाडवडील युक्रेनमधून अल्बर्टात शेती करायला आले, आजोबांचं सगळं आयुष्य एडमंटनमध्ये गेलं. मी सांगलीहून आले तेव्हा बर्फ कसा उपसायचा ते त्यांनी दाखवलं आणि ऑइलर्सबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची, तेही सांगितलं. १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९० या पाच कपांपासून नाही. ९ ऑगस्ट १९८८ पासून. त्या दिवशी वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. कप जिंकून तीन महिनेही झाले नव्हते. ओटावाच्या संसदेतल्या एका खासदारानं सरकारनं हा सौदा रोखावा अशी मागणी केली होती. स्टेडियमबाहेर ग्रेट्स्कीचा कप उंचावलेला पुतळा आहे. त्याच्या शेजारी लोक आनंदानं फोटो काढतात. आजोबा अजूनही त्या ऑगस्टबद्दल बोलतात तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतात.

मग २००६. त्या प्लेऑफमध्ये राष्ट्रगीत गाणाऱ्या पॉल लोरियो यांनी माइक प्रेक्षकांकडे वर धरला आणि अख्ख्या स्टेडियमनं ‘ओ कॅनडा’ म्हटलं. ऑइलर्स अंतिम फेरीत पोचले आणि कॅरोलायनाविरुद्ध सातव्या सामन्यात हरले. त्यानंतर सलग दहा हंगाम प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. पुन्हा पुन्हा तळाला गेल्यानं नवोदितांच्या निवडीत पहिला क्रमांक मिळायचा. २०११ मध्ये तसा आलेला रायन न्यूजेंट-हॉपकिन्स अजून इथे आहे. कॉनर मॅकडेव्हिड जगातला सर्वोत्तम खेळाडू आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझा खेळाडू विचाराल तर न्यूजेंट-हॉपकिन्स. तेव्हापासूनची सगळी वाईट वर्षं त्यानं याच जर्सीत काढली.

कॅनडाच्या कुठल्याही संघानं १९९३ नंतर कप जिंकलेला नाही. त्या वर्षी माँट्रियल जिंकलं. पुढे १९९४ मध्ये व्हँकुव्हर, २००४ मध्ये कॅलगरी, २००६ मध्ये एडमंटन, २०११ मध्ये पुन्हा व्हँकुव्हर, सगळे सातव्या सामन्यात हरले. ही यादी आजोबांनी मला एका हिवाळ्यात ऐकवली होती आणि ती पाठ झाली त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी पाहुणी राहिले नाही. जिंकल्यावर नाचायला परक्यालाही कुणी अडवत नाही. तुमच्या येण्याच्याही आधीचे पराभव तुम्हाला लागायला लागले, की मग शहर तुम्हाला आपलं म्हणतं. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा छान वाटलं होतं. इथली झाल्याची खात्री मात्र मला या हॉकीनं दिली.

तर, तीन-शून्यानंतर. १५ जूनचा सामना ऑइलर्सनी ८-१ असा जिंकला. एकदाच जीव खाऊन खेळले, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. १८ तारखेला फ्लोरिडात जाऊन ५-३. या दोन्ही सामन्यांत मिळून मॅकडेव्हिडचे तीन गोल आणि गोल करून देणारे पाच पास, प्रत्येकाचा एक गुण. अंतिम फेरीत लागोपाठ दोन सामन्यांत चार-चार गुण याआधी कुणीच मिळवले नव्हते. २१ जूनला सहावा सामना आमच्या घरी. वर्षातला जवळजवळ सर्वांत मोठा दिवस, सूर्य दहानंतर मावळणारा. स्टेडियमबाहेरच्या चौकात हजारो लोक पडद्यासमोर उभे होते. त्या जागेला ‘मॉस पिट’ म्हणतात. जोई मॉस या माणसाच्या आठवणीनं ते नाव पडलं. जन्मतः डाउन सिंड्रोम असलेल्या जोईनं ऐंशीच्या दशकापासून ऑइलर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये काम केलं. राष्ट्रगीत सुरू झालं की तो देहभान विसरून गायचा आणि कॅमेरा त्याला शोधत यायचा. २०२० मध्ये तो गेला. ऑइलर्स जिंकले की स्टेडियमभर ‘ला बांबा’ वाजतं, ते त्याचं आवडतं गाणं. त्या रात्री ५-१ असा विजय झाला आणि ‘ला बांबा’ रस्त्यारस्त्यात वाजलं. नवजात बाळं, व्हीलचेअरवरची आजी, पगडीवर केशरी पट्टी बांधलेले सरदारजी. तीन-तीन. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सातवा सामना सोमवारी, २४ जूनला, फ्लोरिडात. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे सांगलीत मंगळवारी पहाटेचे साडेपाच. आईला हॉकीतलं काही कळत नाही, पण तीही उठून बसली होती आणि मला मेसेज करत होती, “कुठवर आलं गं?”

पाचव्याच मिनिटाला फ्लोरिडाचा गोल. दोन-सव्वादोन मिनिटांत कोडी सेसीनं आपल्या हद्दीतून लांब पास टाकला, मॅटियस जॅनमार्क एकटाच बोब्रोव्स्कीसमोर गेला आणि १-१. आजोबांनी हात वर केले नाहीत, नुसता श्वास सोडला. दुसऱ्या सत्रात सॅम राइनहार्टचा गोल झाला, २-१. शेवटच्या वीस मिनिटांत आजोबा बसत नाहीत. सोफ्यामागे उभे राहतात आणि सोफ्याची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवतात. बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसत होती. ऑइलर्सनी हल्ल्यांवर हल्ले केले. शेवटी आमचा गोलकीपर स्टुअर्ट स्किनर, तोही याच गावचा पोरगा, गोल मोकळा टाकून बाहेर आला आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरला. सगळी गर्दी बोब्रोव्स्कीच्या पुढ्यात. पक कुणाच्या तरी काठीला लागला, कुणाच्या तरी पायाला लागला, पण रेषेपलीकडे गेला नाही. आजोबा पुटपुटत होते, “एक, फक्त एक.” मग भोंगा वाजला.

१९९३ नंतरच्या त्या यादीत आता २०२४ आलं.

सामना संपल्यावर प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ चषक मॅकडेव्हिडला जाहीर झाला. बेचाळीस गुण, त्यातले चौतीस पास. ग्रेट्स्कीचा १९८८ चा एकतीसचा विक्रम मोडलेला. हरलेल्या संघातल्या, गोलकीपर नसलेल्या खेळाडूला हा मान १९७६ नंतर पहिल्यांदाच मिळत होता. पण तो बर्फावर आलाच नाही. टेबलावर चषक तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी काही जणांनी नाकं मुरडली, रीतीला धरून नव्हतं म्हणाले. मला त्याचं पूर्ण पटलं. संघ आत मान खाली घालून बसलेला असताना कप्तानानं एकट्यानं बाहेर येऊन चषक घ्यायचा आणि हसून फोटो काढायचा? सहाव्या आणि सातव्या सामन्यात त्याला एकही गुण मिळाला नव्हता आणि हे त्याच्याइतकं कुणालाच टोचत नसणार. तो आला असता तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मग परत कधी असतं?” म्हटलं, ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होतो. “बरं,” म्हणाली, “सांग मला, उठेन.”

मग १ जुलै आला. करार संपलेले खेळाडू त्या दिवसापासून कुठल्याही संघाकडे जायला मोकळे होते. हा संघ २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकाला घरी पाठवण्याइतका तळाला होता आणि तिथून सलग सोळा सामने जिंकत वर आला, त्यामुळे कुणाला सोडायचं हेच समजत नव्हतं. त्याआधी एका संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून आजोबा आणि मी नावं मोजत होतो. जॅनमार्कला ठेवायलाच हवं, यावर आमचं एकमत होतं. ॲडम हेन्रिकचं मात्र ठरत नव्हतं. वय झालंय, पैसे जास्त मागेल, असं आजोबांचं म्हणणं. मी म्हणत होते, ज्यानं सहाव्या सामन्यात तो दुसरा गोल मारला, त्याला असं जाऊ देतात का?