गाडी बिघडली की चावी ओळखेना?



आमच्या सेनगाव भागात पूर्वी चारचाकी म्हटली की ती गुत्तेदाराची, नाही तर सरकारी साहेबाची. आज तसे राहिलेले नाही. कष्टकरी घरातला मुलगा चार वर्षे पुण्याला राबून येतो, आई बचत गटातून कर्ज उचलते आणि दारात जुनी ईको किंवा बोलेरो उभी राहते. लग्नाचे भाडे, बाजाराचे भाडे, हिंगोलीच्या दवाखान्याची फेरी यांवर ते घर चालते. अशी गाडी एखाद्या सकाळी चालूच झाली नाही, तर त्या दिवसाचे भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. वरून मिस्त्रीचा खर्च. म्हणून या आठवड्यात गाडी चालू न होण्याच्या एका कारणाविषयी लिहीत आहोत. त्याची माहिती नसल्याने आपल्या माणसांचा पैसा विनाकारण जातो. त्याचे नाव आहे इमोबिलायझर.

न दिसणारे कुलूप

इमोबिलायझर म्हणजे इंजिनाला घातलेले न दिसणारे कुलूप. अशा गाडीच्या चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चीप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. चावी जिथे घालतो त्या स्वीचभोवती तांब्याच्या बारीक तारेची कडी बसवलेली असते. चावी फिरवली की त्या कडीतून लहरी निघतात, त्यांच्याच जोरावर चीप जागी होते आणि आपला गुप्त क्रमांक कळवते. गाडीतला छोटा संगणक तो क्रमांक आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. जुळला नाही तर संगणक ती रोखून धरतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. मारुतीच्या गाड्यांत या व्यवस्थेला ‘आयकॅट्स’ असे नाव आहे.

ही सोय निघाली ती चोरीमुळे. पूर्वी स्वीचच्या तारा उपसून एकमेकींना जोडल्या की गाडी पळवता येत असे. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये. तिकडे मोटारचोऱ्या त्यामुळे बऱ्याच घटल्या. आपल्याकडेही आता साध्या, कमी किमतीच्या गाड्यांत तो कंपनीतूनच बसून येतो. म्हणजे हे यंत्र आपल्या भल्याचे आहे. अडचण एवढीच की कधी कधी ते खुद्द मालकालाच ओळखत नाही.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. एका तरुणाची जुनी गाडी अशीच अडली. सेल्फ फिरे, पण इंजिन पकडेना. मिस्त्रीने आधी प्लग बदलले, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. तीन दिवस गेले, तीन भाडी गेली आणि उसने आणलेले पैसे संपले. शेवटी एका जाणत्या वायरिंगवाल्याने काट्यांच्या बोर्डावर लुकलुकणारा छोटा दिवा पाहिला आणि विचारले, “चावीला काही केले होते का?” चावीची मूठ फुटली म्हणून आठवड्यापूर्वीच बाजारात नवी मूठ बसवली होती. चीप जुन्या मुठीतच राहून गेली होती. नशिबाने ती मूठ घरात खुंटीला होती. चीप नव्या मुठीत घातली आणि गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. पंपाला काही झालेलेच नव्हते.

आधी काय पाहावे?

पहिली गोष्ट, सेल्फचा आवाज ऐकावा. सेल्फ नुसता ‘कट-कट’ करत असेल, हॉर्न बारीक वाजत असेल, दिवे मंद होत असतील, तर दोष बहुधा बॅटरीचा. बॅटरीचे टर्मिनल ढिले आहेत का, त्यांवर पांढरे-हिरवे किटण चढले आहे का, हे पाहावे. बॅटरी उतरली असेल तर इमोबिलायझरलाही चावी नीट वाचता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट, दिवा पाहावा. चावी ‘ऑन’ वर आणली की बोर्डावर चावीचे, कुलपाचे किंवा गाडीत चावी असे चित्र असलेला दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत चावी ओळखली गेली की तो दोन-तीन सेकंदांत विझतो. तो विझला आणि तरीही इंजिन पकडत नसेल, तर कारण इंधन, ठिणगी किंवा फ्यूज यांत शोधावे. पण दिवा सारखा लुकलुकत राहिला, आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही किंवा क्षणभर पकडून लगेच बंद पडते, तर इमोबिलायझरने गाडी अडवली आहे असे समजावे. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फसुद्धा फिरत नाही.

दिवा लुकलुकतो आहे असे दिसले तर चावी बंद करून बाहेर काढावी. तिच्या कडीत दुसऱ्या गाडीची चीपवाली चावी, लोखंडी बिल्ला किंवा जाड साखळी असेल तर ती सोडवून ठेवावी. धातूमुळे आणि दुसऱ्या चीपमुळे लहरींना अडथळा होतो. मिनिटभर थांबून एकटी चावी घालून पाहावी. तरी जमले नाही तर घरातली दुसरी मूळ चावी आणून पाहावी. दुसऱ्या चावीने गाडी चालू झाली, तर गाडी धडधाकट आहे आणि दोष पहिल्या चावीच्या चीपमध्ये आहे, हे पाच मिनिटांत आणि फुकटात कळते. दोन्ही चाव्यांनी चालू होत नसेल, तर स्वीचभोवतीची कडी, तिची वायर किंवा संगणक यांत दोष असू शकतो. तिथे मात्र तपासणीचे यंत्र असलेल्या माणसाकडेच जावे.

आणखी एक. गाडीला बाजारातून वेगळी सिक्युरिटी बसवली असेल, तर तिची जोडणी आधी तपासून घ्यावी. तिच्या तारा कापून जोडलेल्या असतात, खडबडीत रस्त्याने त्या सुटतात आणि बोल कंपनीच्या यंत्राला लागतो.

काय करू नये?

आपल्याकडे गाडी अडली की चार पोरे धावून येतात आणि धक्का मारतात. बॅटरी उतरली असेल तर धक्क्याचा उपयोग होतो. इमोबिलायझरने अडवलेल्या गाडीला गावभर ढकलले तरी ती चालू होणार नाही, कारण इंधन आणि ठिणगीच बंद असते. सेल्फही सारखा मारू नये. चांगली बॅटरी त्यात उतरते आणि एका दोषाचे दोन होतात.

रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी अडली, असेही पुष्कळ जण समजतात. फिरवायच्या चावीच्या गाडीत रिमोटचा सेल फक्त दरवाजे उघडायला लागतो, चीपला त्याची गरज नाही. बटन दाबून चालू होणाऱ्या गाडीत मात्र सेल संपला की चावी ओळखली जात नाही. तेव्हा अशा बहुतेक गाड्यांत चावी बटनाला टेकवून बटन दाबले की काम होते.

चावी उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नये. आमच्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहेच. पँट धुवायला टाकताना खिसा तपासावा. आणि “इमोबिलायझरच काढून टाकू, कटकट मिटेल” असे कोणी सांगितले तर ऐकू नये. ते काढले की गाडी चोराला मोकळी होते, आणि पुढे चोरीच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीत रुग्ण किंवा बाळंतीण असेल तर यातले काहीही करत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन लावावा. गाडीचे उद्या पाहता येईल.

जुनी गाडी घेताना

आपण बहुतेक जण जुनी गाडी घेतो आणि फसगत तिथेच होते. विकणारा एक चावी हातात देतो आणि दुसरी “हरवली” म्हणतो. आपण गप्प बसतो. असे करू नये. दोन्ही मूळ चाव्या मागाव्यात आणि दोन्हींनी गाडी चालू करून पाहावी. रस्त्यावरचा चावीवाला पाते हुबेहूब कापून देतो. त्या चावीने दरवाजा उघडतो, पण चीप नसल्याने इंजिन चालू होत नाही. एकुलती एक चावी हरवली तर गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते, आणि नवी चावी जोडण्याचा खर्च काही हजारांत जातो. शिवाय गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. एकच चावी दाखवली तर दावा अडकतो.

दुसरी चावी खरोखरच हरवली असेल, तर नवी करून घेण्याचा खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा. गाडी ताब्यात आल्यावर आरसी बुक आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे, हरवलेल्या चावीची नोंद गाडीतून काढून टाकायला सांगावे आणि नवी चावी नोंदवून घ्यावी. जाताना जवळ असलेली चावीही न्यावी, कारण पुष्कळ गाड्यांत सर्व चाव्या पुन्हा एकदम नोंदवाव्या लागतात. त्याचबरोबर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन हिंगोलीच्या आरटीओ कार्यालयात गाडी नावावर करून घेण्यास उशीर लावू नये. गाडीवर कर्ज होते तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ ही मागावा. कागद दुसऱ्याच्या नावावर असतील, तर चावीसाठीही त्याच्याच दारात जावे लागते.

गाडीबरोबर कंपनीचे माहितीपुस्तकही मागून घ्यावे. ते बहुधा इंग्रजीत असते म्हणून आपण ते माळ्यावर टाकतो. तसे न करता शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बोर्डावरच्या दिव्यांचे पान वाचून त्याचा मराठी अर्थ वहीत उतरवायला सांगावे आणि ती वही गाडीतच ठेवावी. दुसरी मूळ चावी मात्र गाडीत ठेवू नये. ती घरात, कागदपत्रांच्या पेटीत असावी, आणि कुठे आहे ते घरच्या बाईलाही माहीत असावे. कारण गाडी अडते तेव्हा चालवणारा बहुधा घरापासून दूर असतो, आणि चावी कोणाच्या तरी हाती पाठवावी लागते ती तिलाच.