पैसा पुष्कळ, गुण कोठे?

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. अनेक वैद्यांच्या पायी तिने जवळचे सारे खर्चिले. परंतु गुण न येता दुखणे बळावलेच. जेथे खर्च मोठा तेथे आरोग्य मोठे, हा समज तेव्हाही खोटा होता.

एकाच देशाच्या दोन भागांत उपचारांवरील खर्च इतका भिन्न का, ह्याचा शोध अमेरिकेत बराच झाला आहे. 1973 साली जॉन वेनबर्ग व ॲलन गिटेलसन ह्यांनी व्हरमाँट राज्याचे आकडे प्रसिद्ध केले. घशातील टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रिया एका टापूत दर 10,000 माणसांमागे 13, तर दुसऱ्यात 151! लोकांचे घसे काही इतके निराळे नव्हते. निराळी होती ती डॉक्टरांची रीत.

पुढे 2009 साली डॉ. अतुल गावंडे ह्यांनी टेक्सास राज्यातील मॅकॅलन व एल पासो ह्या दोन सरहद्दीवरील शहरांची तुलना केली. (त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे.) वृद्धांच्या सरकारी विम्यातून 2006 साली मॅकॅलनमध्ये माणशी सुमारे 15,000 डॉलर खर्च झाले, एल पासोत त्याच्या निम्मे. गरिबी व आजार दोहोंकडे सारखेच, आणि उपचारांच्या दर्जाच्या बहुतेक कसोट्यांवर एल पासोच सरस! मॅकॅलनमध्ये तपासण्या अधिक, शस्त्रक्रिया अधिक. कारण प्रत्येक तपासणीबरोबर मिळकत वाढत होती. हे उघडकीस आल्यानंतरच्या वर्षांत तेथील खर्च बराच उतरला.

अर्थात, अल्प खर्च म्हणजे उत्तम आरोग्य असेही नव्हे. जेथे डॉक्टरच पोहोचत नाही तेथेही खर्च थोडाच दिसतो. पण ती काटकसर नव्हे, उपेक्षा होय.

तर मग आम्ही काय करावे? डॉक्टरांवर संशय धरावा काय? मुळीच नाही. वैद्याचा मान राखावा, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, अशी शिकवण बेनसिराच्या 38व्या अध्यायात आहे. जीव धोक्यात असता क्षणाचाही विलंब नको. परंतु सवड असेल तर दागिने गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्या: ह्या तपासणीने उपचारांत काय बदलेल? थोडे थांबल्यास काय बिघडेल? सज्जन डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावत नाही. आणि ज्या घरी विचारणारे कोणी नाही, त्या घरच्या रुग्णासोबत आपणांपैकी एकाने अवश्य जावे. हीदेखील रुग्णसेवाच होय.