सात वाजायच्या आत

गेल्या महिन्यात कॉलेजच्या सभागृहात एका व्याख्यात्यांनी आम्हाला वही करायला सांगितली. रोज झोपण्याआधी तिच्यात दिवसभरातल्या पाच आनंदाच्या गोष्टी लिहायच्या. आनंद बाहेर नसतो, तो आपल्या आतच असतो, फुकट असतो, फक्त बघायची नजर पाहिजे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटच्या वेळी माईक बंद पडला, तेव्हा टाळ्या जोरात पडल्या.

वही मी खरंच केली. मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकल जर्नलची कोरी पानं उरलीच होती. थोड्या दिवसांनी लिहिलेलं वाचून पाहिलं, तर त्यात माझ्या आतलं असं काही सापडेना. एसटी होती, वाचनालय होतं, स्टेडियम होतं, देऊळ होतं. सगळं बाहेरचं, आणि बहुतेक सगळं वेळापत्रकाला बांधलेलं.

सगळ्यात जास्त वेळा आला होता डबा. माझं गाव राधानगरी तालुक्यातलं, धरणाच्या अलीकडचं. सकाळच्या गाडीनं डबा निघतो आणि साडेनऊच्या सुमारास कोल्हापुरात रंकाळा स्टँडवर उतरतो. आमच्या रस्त्यावरच्या गावांतून येणारे डबे पूर्वी याहून खूप जास्त असायचे, असं जुने कंडक्टर सांगतात. आता मेस आहेत, मोबाइलवर जेवण मागवता येतं, तरी ड्रायव्हरच्या मागच्या जागेत कापडी पिशव्यांचा ढीग अजून असतोच. प्रत्येक पिशवीवर नाव. कुणाचं ऑइलपेंटनं, कुणाचं दोऱ्यानं विणलेलं. माझ्या पिशवीवर आईनं नाव न घालता लाल गाठ मारलीय. तिचं म्हणणं, नाव कशाला, गाठ आपली आपल्याला कळते. या गाठीपायी कंडक्टर मामांनी मला गाठवाली असं नावच ठेवलंय.

गाडी फलाटाला लागली की आम्ही दहा-बाराजण दाराशी उभे. पिशवी हातात आली की आधी बाहेरून चाचपायची. खालचा पुडा गरम असेल तर आमटी, बहुतेक वरण्याची. वरचा कापडात बांधलेला म्हणजे भाकरी. बाजूला छोटी डबी असेल तर खर्डा, आणि डबी हलवल्यावर वाजली तर शेंगदाण्याची चटणी. हा अंदाज बरोबर ठरण्यात जे सुख आहे ते जेवण्यातही नाही. जेवताना आम्ही चौघी असतो आणि भाकरी दीड मिळते.

माझी रूममेट चंदगडची. इतक्या लांबून रोज डबा येणं शक्य नाही. तिच्याकडून महिन्याकाठी काजू येतात, तेही तिचे आबा स्वतः घेऊन येतात तेव्हाच. म्हणून माझ्या डब्यावर तिचा हक्क माझ्या आधी. खर्ड्यात मीठ कमी पडलं तर आईला फोन तीच लावते. "काकू, आज हात आखडला काय?" आई हसते आणि दुसऱ्या दिवशी खर्डा दुप्पट येतो. या सगळ्याला व्याख्याते कृतज्ञता म्हणाले असते. आम्ही त्याला डबा म्हणतो.

पण हा डबा फुकट येत नाही, हे मला वहीमुळंच नीट दिसलं. आई साडेपाचला चूल पेटवते. माझे आबा पिशवी घेऊन फाट्यावर जातात. ड्रायव्हर फाट्यावर गाडी थांबवतो, आणि तिथं थांबायचं कुठल्याही नियमात लिहिलेलं नसावं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जातो. ही साखळी कुठंही तुटली की माझा आतला आनंद उपाशी राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुराचं पाणी रस्त्यावर आलं की तुटतेच. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी चढली की ते आपोआप उघडतात, कुणाला हात लावावा लागत नाही. पहिला दरवाजा उघडला की गावाकडून फोन येतो, आणि लहानपणापासून या बातमीला आम्ही सणासारखं नाचत आलोय. कोल्हापुरात आल्यावर या नाचण्याची दुसरी बाजू कळली. तेच पाणी भोगावतीतून पंचगंगेला येतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. वर्गातली निम्मी मुलं फिजिक्सचे स्थिरांक विसरतील, हे दोन आकडे विसरणार नाहीत. 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या शिरोळच्या मैत्रिणीसमोर मी आता दरवाजा उघडल्याची बातमी हळू आवाजात सांगते.

एसटीचंच आणखी एक. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. यावर पेपरात बरंच उलटसुलट छापून आलं, तोट्याची गणितं मांडली गेली. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा, की आई कारण नसताना कोल्हापूरला येऊ लागली. आधी ती दवाखान्याला यायची, लग्नाच्या खरेदीला यायची, माझ्या प्रवेशाला आली होती. आता 'सहज आले' म्हणून येते. आमच्या घरात 'सहज' ही गोष्ट फक्त आबांना परवडायची.

अशीच ती नोव्हेंबरात आली, किरणोत्सव बघायला. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात मूर्तीच्या चरणांपासून वर चढत जातात. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. बीएस्सीला फिजिक्स घेतल्यावर मी कॅलेंडर घेऊन बसले. 21-22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. 10 नोव्हेंबर आणि 1 फेब्रुवारी या तारखा त्याच्या अलीकडं-पलीकडं साधारण 41 दिवसांवर पडतात. म्हणजे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेला सतरा-अठरा अंशांवर. देवळाची वाट त्या जागेकडं रोखलेली. आणि सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणं आडवी होत जातात, म्हणून प्रकाश वर चढतो.

हे मी रांगेत आईला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ज्यानं बांधलं त्याला हे तुझ्या कॉलेजाशिवाय कसं कळलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. रांगेतले एक आजोबा मात्र खूश झाले आणि त्यांनी आईला पुढं जागा करून दिली. त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग होते, हवेत धूळ होती, किरणं कमरेपर्यंत आली आणि विरली. मुखापर्यंत पोचली नाहीत. अशी वर्षं येतात. मधल्या उंच इमारतींवरून आणि अडथळ्यांवरून दरवर्षी चर्चा होते. आई अजिबात हिरमुसली नाही. फेब्रुवारीत परत येईन म्हणाली. अर्ध्या तिकिटानं माणसाला हे बोलता येतं.

उन्हाची एक तिरीप शेकडो वर्षं अडणार नाही अशा बेतानं कुणीतरी दगड रचले, आणि आम्ही मायलेकी ते बघायला काहीही न देता उभ्या राहिलो. मला वाटतं साधं सुख बहुतेक वेळा असंच असतं. ते स्वस्त असतं, कारण त्याचे पैसे आपल्या आधी कुणीतरी भरलेले असतात. कोल्हापुरात तर पावलोपावली याची पावती सापडते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैनांसाठी, मुस्लिमांसाठी, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी, जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं निघत गेली. 1908 चं मिस क्लार्क होस्टेल त्यातलंच. खेड्यातल्या पोरानं शहरात एक खाट टाकावी आणि शिकावं, ही कल्पनाच तिथून आमच्या अंगवळणी पडली. ज्याच्या पाण्यावर डब्यातलं धान्य पिकतं ते राधानगरीचं धरणही त्यांचंच. माझा डबा आणि माझी खाट, दोन्हींच्या मागं एकच माणूस निघतो.

करवीर नगर वाचन मंदिर तर त्याहून जुनं, 1850 चं. भवानी मंडपाजवळच आहे. तिथं जाऊन मी अभ्यासाचं काही वाचत नाही. जुन्या पुस्तकांत आधीच्या वाचकांनी समासात पेन्सिलीनं जे लिहून ठेवलेलं असतं ते वाचते. एका प्रवासवर्णनात कुणीतरी 'खोटे' असं लिहिलंय, त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'तुम्ही गेला होता काय?' आणि त्याखाली तिसऱ्यानं फक्त एक ठळक रेघ ओढलीय. पुस्तकं खराब करू नयेत, मान्य. पण हे भांडण मी रबरानं पुसणार नाही.

गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात, तेही वहीत दोनदा आलं होतं. त्याबद्दल एवढंच, की ग्लास दोघींत घ्यावा आणि ओठांवरचा फेस पुसायची घाई करू नये.

फुटबॉलबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या लोकांना ते पटत नाही. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, असं सगळे धरून चालतात. पण इथल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. थंडी पडली की शाहू स्टेडियमवर सामने सुरू होतात, आणि पेठांपेठांतली माणसं दुपारीच दुकानं पोरांवर सोपवून गायब होतात. नायजेरियाहून आलेले खेळाडूही या संघांतून खेळलेत, आणि गॅलरीतून त्यांना ज्या कोल्हापुरीत सल्ले दिले जातात ती त्यांना कळत नाही हे उत्तमच. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकांनी रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग माझ्याकडं वळून नम्रपणे म्हणाले, "ताई, शेंगदाणे घ्या." मी घेतले. त्यानंतर आमच्या बाजूनं गोल झाला तेव्हा त्यांनी मला पुडाच देऊन टाकला.

या स्टेडियमवरच माझी आणि त्या व्याख्यात्यांची फारकत होते. दुसरा सामना चारच्या सुमारास सुरू होतो. थोडा उशीर झाला, मध्ये वादावादी झाली (होतेच), तर संपायला सहा वाजून जातात. आमच्या वसतिगृहाचं गेट सातला बंद. गर्दीतून बाहेर पडायचं, चालत यायचं, रजिस्टरवर सही करायची. त्यामुळं शेवटची दहा मिनिटं आम्ही मुली मैदानाकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त बघत असतो. आम्ही उठतो आणि जिन्यात असताना मागं गॅलरी गरजते. कुणी मारला, कुठल्या बाजूनं मारला, ते दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांकडून ऐकायचं. त्यांच्या वसतिगृहाचं गेट दहाला बंद होतं, आणि तेही, ऐकीव माहितीनुसार, ढकललं की उघडतं.

फेब्रुवारीतला किरणोत्सव तर याहून अवघड. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा जमतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळायला साडेसहा होतात. आई खास दोन तासांचा प्रवास करून येणार, आणि मूर्तीच्या कमरेपर्यंत ऊन आलं की मी तिला म्हणणार, चल, माझं गेट बंद होईल. वाचनालयात संध्याकाळी पुस्तक रंगात आलं की हेच. रंकाळ्याच्या काठावर दिवे लागतात आणि भेळेच्या गाड्यांवर खरी गर्दी होते, तेव्हाही हेच. वहीत संध्याकाळचं सुख आहे, पण जवळजवळ प्रत्येक नोंद अर्धी आहे.

मुलींची काळजी घेणारी माणसं वाईट नसतात, हे मला ठाऊक आहे. आबांनी इथं प्रवेश घेताना सगळ्यात आधी गेटचीच वेळ विचारली होती आणि सात ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला होता. पण शहर सातनंतर धोक्याचं असेल तर दिवे लावा, पोलीस फिरवा, केएमटीची शेवटची बस उशिरापर्यंत सोडा. कुलूप आम्हालाच का?

आमच्या रेक्टर मॅडम हे सदर वाचतात, असं मला खात्रीच्या गोटातून कळलंय. म्हणून जाहीर विनंती: मॅडम, डिसेंबर ते फेब्रुवारी गेट साडेआठला बंद करा. कुठं जाणार ते आम्ही रजिस्टरवर लिहून जाऊ, घरच्यांची सही आणू, एकटीनं न जाता दोघी-तिघींनी जाऊ. परीक्षेच्या महिन्यात सातच ठेवा, चालेल. आणि शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असेल त्या दिवशी तुम्हीही चला. शेंगदाण्यांची सोय आहे.