सूर्य सर्वांचा, सवलत गच्चीवाल्यांची

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ने एक कोटी घरांवर सौरसंच बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. उद्दिष्ट स्तुत्यच आहे. मात्र अनुदान किलोवॉटने मोजले जाते आणि छप्पर चौरस मीटरने. धोरणातील खरा पेच येथेच आहे.

पॅनेलची कार्यक्षमता वाढली की वीजबिल आपोआप घटते, हा गैरसमज आहे. तीन किलोवॉटचा संच १५ टक्के कार्यक्षमतेचा असो वा २० टक्क्यांचा, सारख्या परिस्थितीत वीज जवळपास तेवढीच देतो. फरक पडतो तो जागेत. पहिल्यासाठी सुमारे २० चौरस मीटर पॅनेल लागते, दुसऱ्यासाठी १५. पॅनेल कमी म्हणजे सांगाडा, वायर आणि मजुरीही कमी. इन्व्हर्टर व मीटरचा खर्च मात्र तोच. तेव्हा ऐसपैस गच्ची असणाऱ्याने केवळ कार्यक्षमतेसाठी चढा दर मोजण्याचे कारण नाही. लहान छपराचे गणित वेगळे. १० चौरस मीटर पॅनेलमधून १५ टक्क्यांनी दीड किलोवॉट मिळतात, २० टक्क्यांनी दोन. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान असल्याने सवलतीतच १५,००० रुपयांचे अंतर पडते.

केंद्राने २०२३ मध्ये छतावरील पॅनेलसाठी १९.५ टक्के किमान कार्यक्षमता ठरवली, ती म्हणूनच योग्य होती. परंतु कार्यक्षम पॅनेल लहान छप्पर पुरवठ्याला आणू शकते. नसलेले छप्पर निर्माण करू शकत नाही. स्वतंत्र घराच्या मालकाला तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेला मात्र प्रति किलोवॉट १८,००० रुपये, तेही सामायिक सुविधांसाठी. सरकारी निवासस्थानातील कर्मचारी आणि भाड्याच्या खोलीतील स्थलांतरित यांच्या हाती गच्ची नाही. बिल मात्र आहे.

दिल्लीच्या २०२३ च्या सौर धोरणाने सामुदायिक प्रकल्पाचा मार्ग दाखवला आहे. दुसरीकडे उभारलेल्या संचातील हिश्श्याची वीज रहिवाशाच्या बिलातून वळती व्हावी, ही त्यामागील कल्पना. केंद्राने स्वतंत्र घराइतकेच अनुदान अशा हिश्श्यालाही द्यावे. अन्यथा सार्वजनिक तिजोरीतून निघालेली ही सवलत ज्यांच्याकडे आधीच छप्पर आहे, त्यांच्यापाशीच थांबेल.