परक्या देशातील शाळा आणि आपले दोन तास

उच्च शिक्षणासाठी युरोपात निघालेली आपल्या समाजातील एक मुलगी प्रतिज्ञापत्रासाठी माझ्याकडे आली होती. कागद पुरे झाल्यावर म्हणाली, "वकीलसाहेब, तिकडच्या शाळेत आठवड्यातून दोन तास विनामोबदला शिकवावे असे मनात आहे. पण घरचे म्हणतात, आपल्या वस्तीतली पोरे शिकवणीवाचून राहतात आणि तू परक्यांची सेवा काय करतेस?"

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पण परके म्हणजे कोण?

युरोपातील रोमा समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. आजही त्यांच्या अनेक मुलांना वेगळे बसविले जाते. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात १८ रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत घातले होते. हा भेदभावच आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी ठरविले. २०१३ मध्ये हंगेरीविरुद्धही असाच निकाल लागला. तेथे जात हा शब्द नाही, पण वेगळा बाक आहे!

याच हंगेरीतील शायोकाझा गावात २००७ साली रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा निघाली. तेथे शालान्त परीक्षेला परकीय भाषा सक्तीची आहे. शिकवणीला पैसे नसलेले मूल तिथेच अडते. आपल्या विद्यार्थ्याचे इंग्रजीचे दोन तास अशा मुलाला परीक्षेच्या पार नेऊ शकतात.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले, पण त्यांची नजर पदवीपुरती नव्हती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले, ते दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य ओळखूनच.

वकील म्हणून मात्र बजावतो. आधी व्हिसाच्या अटी वाचा. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आहे. करार करून केलेले बिनपगारी कामही त्यात धरले जाते, निव्वळ स्वयंसेवा धरली जात नाही. हा फरक शाळेकडून लेखी घ्या. मुलांत जाण्यापूर्वी पोलीस नोंदींची तपासणी होते. तो अपमान समजू नका, ते मुलांचे संरक्षण आहे. आणि फोटो काढून दोन महिन्यांत सोडणार असाल तर जाऊच नका. ज्या मुलांना सर्वांनी सोडले, त्यांना आणखी एकाने सोडू नये.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले : जरूर जा. वेगळा बाक तिथे कसा टिकतो आणि कायद्याने तो कसा हलतो, हे डोळ्यांनी पाहा. पण परत आल्यावर हेच दोन तास आपल्या वस्तीतल्या विहारात दे. तिथल्या मुलांना शिकवलेस आणि इथल्यांना विसरलीस, तर घरच्यांचा प्रश्न खरा ठरेल.